पोरगी बाजारात हुशार, वहीत भोपळा

पांदणवाट

लेक दहा वर्षांची, पाचवीत, गावातल्याच शाळेत. आम्ही दारव्ह्याच्या बाजूला राहतो. सहा एकर वावर, कापूस आणि तूर. पाचवीच्या पोरीला शिकवणी लावायची माझी इच्छा नाही, म्हणून दीडेक वर्षापासून किराण्याला आणि आठवडी बाजाराला तिला सोबत नेते. घरी कणीक मोजणं, डाळ-तांदूळ काढणं तिच्याकडेच. यातून गणित आपसूक येईल, असं धरून चालले होते.

मागच्या आठवड्यात दोन गोष्टी लागोपाठ घडल्या.

पहिली दुकानातली. सोयाबीन तेलाचे दोन पुडे शेजारी शेजारी, एक १४० चा, एक १३३ चा. दिसायला सारखेच फुगलेले. मी १३३ चा उचलला. लेक म्हणाली, "थांब आई," आणि दोन्ही पुडे उलटे करून मागची बारीक अक्षरं वाचायला लागली. १४० वाल्यावर १ लिटर, ९१० ग्रॅम. १३३ वाल्यावर ८५० ग्रॅम. मग ओठ हलवत तिचा हिशोब सुरू झाला: "नऊशे दहाचे एकशे चाळीस, म्हणजे शंभर ग्रॅमला पंधराच्या वर. यात साठ ग्रॅम कमी. साठचे नऊ. आई, तू सात रुपये वाचवून नऊ रुपयांचं तेल सोडून चालली." दुकानदार काकाजी म्हणाले, "हिला उद्यापासून गल्ल्यावर बसवा."

मी हवेतच घरी आले.

दुसरी गोष्ट शुक्रवारची. घटक चाचणीचा पेपर घरी आला. १/४ + १/२ = २/६. लाल फुली. खाली "मोठी संख्या ओळखा" मध्ये ०.२५ आणि ०.५. तिने ०.२५ ला गोल केला होता. विचारलं तर म्हणे, पंचवीस पाचापेक्षा मोठे नाहीत का?

अहो, हीच पोरगी पावशेर आणि अर्धा किलो मिळून पाऊण किलो हे झोपेतही सांगेल. काट्यावर ०.२५० दिसलं की "पाव भरलं काका" म्हणते. वही उघडली की हे सगळं जातं कुठे? तुमच्याकडे कोणी असं शिकवतं का? माझं काय चुकतंय?

तर्रीपोहे

तुमचं तरी बरं आहे. आमच्याकडे (नागपूरपासून पंचवीस किलोमीटर, म्हणजे ना शहर ना खेडं) पोरगा दुकानात जातो, मोबाइल दाखवतो, "टुंग" वाजतं, परत येतो. किती झाले विचारलं तर म्हणतो, मोबाइलमध्ये बघा. सुटे पैसे परत घेणं हा प्रकार त्याने आयुष्यात चार-पाच वेळा केला असेल. दोनशेची नोट देऊन एकशे सदतीस वजा करायची वेळच येत नाही.

आता दर रविवारी त्याला रोख पैसे आणि यादी देतो. नियम एकच, घरून निघण्याआधी अंदाजे किती होतील ते सांगायचं. पहिल्या रविवारी अंदाज ९०, बिल २१०. आता दहा-वीस रुपयांत येतो. दुकानदार तीन रुपयांऐवजी चॉकलेट देतो तेव्हा ते परत करून तीन रुपये मागायचं धैर्य मात्र अजून आलेलं नाही. ते माझ्यातही नाही.

निवृत्त_मास्तर

ताई, पोरीचं काही चुकलेलं नाही. तिला दोन भाषा येतात आणि त्या एकच आहेत हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो, बुलढाणा आणि वाशीम मिळून. तुमच्या लेकीने पेपरात केलेली चूक दर वर्षी निम्मा वर्ग करायचा. वरचे वरचे मिळवले, खालचे खालचे मिळवले. कारण पोराला १/४ मध्ये "एक" आणि "चार" अशा दोन संख्या दिसतात. "पाव" म्हटलं की एकच वस्तू डोळ्यांपुढे येते. बाजारात पाव आणि अर्धा मिळवताना तुमची लेक मनात काय करते ते विचारून बघा. ती अर्ध्याचे दोन पाव करते. दोन पाव अन् एक पाव, तीन पाव, त्यालाच आपण पाऊण म्हणतो. समच्छेद करणं म्हणतात ते हेच. पुस्तकात त्याला इतकं भारी नाव आहे की घरचंच माणूस परकं वाटतं.

आमच्या लहानपणी पाढे फक्त बे एके बे पासून नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. औटकी म्हणताना भल्याभल्यांची बोबडी वळायची. हे पाढे आले कुठून? बाजारातूनच. कोणी साडेतीन हात कापड मागायचा, कोणी सव्वा शेर गूळ.

आणि मापं! दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी एक शेर, दोन शेर एक अधोली, दोन अधोल्या एक पायली. सगळा दुपटी-निमपटीचा खेळ. माझ्या वर्गात जुन्या मापांचा एक संच होता, एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी दिलेला. चवथीच्या पोरांसमोर ज्वारीचं पोतं सोडायचो आणि म्हणायचो, पायलीत किती चिपटी बसतात ते मोजा. सोळा. मग फळ्यावर १/१६ लिहायचो. त्या दिवशी "खालचा आकडा मोठा तर तुकडा लहान" हे सांगावं लागलं नाही. चिपटं हातातच होतं.

आपल्या बोलण्यात अजून चार आणे, आठ आणे, बारा आणे आहेत. रुपयाचे सोळा आणे १ एप्रिल १९५७ ला गेले आणि शंभर पैसे आले, पण "औंदा बारा आणे पीक" म्हणणारी माणसं अजून पारावर बसलेली सापडतील. गावची पैसेवारी, म्हणजे रुपयात किती पैसे पीक आलं त्याचा सरकारी अंदाज, पन्नासच्या खाली गेली की टंचाईची चर्चा सुरू होते, हे पोरंसुद्धा ऐकतात. तो अपूर्णांकच आहे.

उपाय साधा आहे. बाजारातून आल्यावर दहा मिनिटं वहीत लिहायचं. डावीकडे तोंडची भाषा, उजवीकडे शाळेची. "पाव + अर्धा = पाऊण" आणि त्याच्यासमोर १/४ + २/४ = ३/४ आणि त्याच्यासमोर ०.२५० + ०.५०० = ०.७५०. काट्यावर तीन घरं दिसतात म्हणून तिला तिथे फसायला होत नाही. ०.५ च्या पुढची दोन शून्यं तिला लिहायला लावा, पंचवीस आणि पाचाचं भांडण तिथेच मिटेल.

पऱ्हाटी

मास्तर, तुमचं बराबर हाय. पन मले येक सांगा, हे सगळं "प्रयोग" म्हनून चालू हाय तुमचं. आमच्याइथं पोट्टे हिशोब करते कारन केल्याबिगर जमत नाई.

मी कापसाच्या वेचनीले जातो. किलोले नऊ रुपये भाव हाय. परवा सदतीस किलो झाला. माया सातवीतला पोट्टा बाजूले उभा होता, म्हनते, "दहानं तीनशे सत्तर, त्यातून सदतीस गेले, तीनशे तेहतीस." कागद नाई, काही नाई. मंग मुकडदम म्हनला, गाठोड्याच्या फडक्याचा अर्धा किलो कटते. दोन गाठोडे, येक किलो कट. पोट्ट्यानं घरी येऊन थे फडकं दुकानातल्या काट्यावर ठेवलं. दोनशे ग्राम भरलं. म्हनजे दोन फडक्याचे चारशे, अन् कटला येक किलो. सहाशे ग्राम रोजचे गेले. पाच रुपये चाळीस पैसे. थ्यानं मले महिन्याचाबी हिशोब सांगतला, मी थे लिवत नाई इथं, जीव जळते.

अन् याच पोट्ट्याले शायेत "ढ" म्हनते. पालकसभेत सर्वायसमोर सांगतलं मले, याचं गनित कच्चं हाय.

पांदणवाट

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्याकडे हे हौसेनं चाललंय हे खरं आहे, ते मी आधी पाहिलंच नव्हतं. तुमच्या मुलाने ३३३ काढलं ती रीत माझ्या लेकीला दाखवली. ती म्हणाली, "हा दादा भारी आहे." खोटं नाही सांगत.

वर्धाकाठ

तुम्ही दोघींनी जे लिहिलंय त्यावर संशोधकांनी चाळीस वर्षं डोकं खाजवलंय. मी शिक्षण क्षेत्रात आहे म्हणून माहीत आहे. मूळ आर्वीचा, सध्या पुण्यात.

१९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या फेरीवाल्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाचच मुलं, नऊ ते पंधरा वर्षांची. संशोधक आधी गिऱ्हाईक म्हणून गेले: हे किती, ते किती, एवढे घेतले तर किती, सुटे किती परत देशील. मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर. मग त्याच मुलांना तसलेच प्रश्न शाळेच्या पद्धतीने दिले. शाब्दिक उदाहरणं असतील तर ७४ टक्के बरोबर, नुसती आकडेमोड असेल तर ३७ टक्के. एका नारळवाल्या पोराला पस्तीसच्या भावाने दहा नारळ विचारले. पस्तिसापुढे शून्य ठेवायचं त्याच्या मनातच आलं नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, अजून चार हवेत... असं करत तो ३५० ला पोचला. पऱ्हाटीताई, तुमच्या मुलाचं "दहानं तीनशे सत्तर, त्यातून सदतीस गेले" याच जातकुळीचं आहे. मला विचाराल तर त्या नारळवाल्यापेक्षा एक पायरी वरचं.

आपल्याकडचंही ताजं आहे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांची अशीच परीक्षा घेतली, २०२५ साली "नेचर" या विज्ञानाच्या नियतकालिकात आली. बाजारातली मुलं अवघड व्यवहार तोंडी करतात आणि वहीतल्या साध्या भागाकाराला अडतात. उलट नुसती शाळेत जाणारी मुलं वहीतलं बरं करतात आणि बाजारातला हिशोब समोर आला की गडबडतात. इकडचं तिकडे आपसूक जात नाही, दोन्ही बाजूंनी.

म्हणून पांदणवाट, तुमचं "आपसूक येईल" एवढंच चुकलं. मास्तरांची दोन रकान्यांची वही हा त्यावरचा नेमका इलाज आहे. आणि पालकसभेत "ढ" म्हणणाऱ्यांना निदान एवढं विचारता येईल, की तुम्ही त्याला कधी तोंडी विचारलं का?

खिचडीवाल्या_बाई

आमच्या शाळेचं सांगते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला १५० आणि ३०. आमच्या स्वयंपाकीण मावशी वीस वर्षं हे मनातल्या मनात करतात. दोन वर्षांपूर्वी मी सहावीच्या पोरांना पाळीने हे काम दिलं. हजेरी घ्यायची, फळ्यावर हिशोब मांडायचा, मावशींना आकडा सांगायचा.

एक दिवस लहान गटात ३८, मोठ्या गटात २६. पाळी ज्याची होती त्याने ३८ गुणिले १०० केलं, ३८०० ग्रॅम, आणि किलो करताना दोनच शून्यं उडवली. ३८ किलो. मोठा गट ३९०० ग्रॅम, तोही ३९ किलो. फळ्यावर एकूण ७७ किलो तांदूळ! मावशींनी मान वर करून फक्त विचारलं, "बाळा, कोठीत पोतं केवढ्याचं हाय?" पन्नासचं. पोरगं दोन सेकंद गप्प. मग स्वतःच पुसलं आणि ७.७ लिहिलं. डाळ १ किलो ५४० ग्रॅम, ती बरोबर आली, तेवढी डाळ मावशींनी आधीच काढून ठेवली होती.

मी टिंब कुठे द्यायचं हे तीन तास शिकवलं असतं. दीड पोतं तांदूळ चौसष्ट पोरं खाणार नाहीत, हे त्याला मावशींच्या एका प्रश्नात कळलं. उत्तर खरं वाटतं का ते बघायची सवय पुस्तकातल्या उदाहरणांनी लागत नाही, कारण पुस्तकात कोणीही ऐंशी कलिंगडं विकत घेतो आणि कोणी त्याला वेडा म्हणत नाही.

इंजिनेरबाबू

छान चर्चा. मी माझ्या मुलासाठी (वय ९) याची पद्धतशीर आखणी केली आहे. सोमवार वजन, मंगळवार आकारमान, बुधवार वेळ, गुरुवार टक्केवारी, शुक्रवार नफा-तोटा. प्रत्येक पदार्थाला एक तक्ता. स्वयंपाक करताना दर टप्प्यावर एक प्रश्न, बरोबर उत्तराला एक तारा, पन्नास ताऱ्यांना आइस्क्रीम. कोणाला हवा असल्यास तक्ता पाठवतो.

तर्रीपोहे

बाबू, मुलगा काय म्हणतो?

इंजिनेरबाबू

काल म्हणाला, "बाबा, आज नुसते पोहे खाऊ का?"

तर्रीपोहे

😀 खाऊ द्या हो त्याला.

धानाची_कणी

गोंदियाकडून. आमच्याकडे गणित धानाच्या कोठारातच असते. पोरांना मी तीन गोष्टी करायला लावल्या, त्यातल्या दोन जमल्या.

पहिली वाटीची. घरातली एकच वाटी, काठोकाठ भरायची. तांदूळ भरले १७० ग्रॅम. कणीक ११०. मुरमुरे २५. पोरं चक्रावली, वाटी तीच तर वजन वेगळं कसं? पायलीने मोजणं आणि काट्याने तोलणं वेगळं, हे इथे कळतं. वर तेलाच्या पुड्याचं आलंय तेही हेच आहे. १ लिटर पाणी १ किलो भरतं, १ लिटर तेल ९१० ग्रॅम, कारण तेल हलकं, म्हणून तर पाण्यावर तरंगतं. माझ्या धाकट्याला वाटत होतं की कंपनीने ९० ग्रॅम मारले.

दुसरी रेशनची. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो. पोरांना विचारलं, घरात किती माणसं असली तर दोन्ही कार्डांवर सारखंच मिळेल? सातवर सगळ्यांचं एकमत लगेच झालं. मग विचारलं, तिघंच असली तर कोणतं कार्ड बरं, नऊ असली तर कोणतं? इथे जी भांडणं झाली ती बघण्यासारखी होती. एकाच्या घरी अंत्योदय आणि माणसं नऊ. तो हिशोब करून गप्प बसला. दहा किलो कमी. अशा वेळी पुढे काय बोलायचं ते मला सुचलं नाही, आणि मी विषय बदलला.

तिसरी जमली नाही ती टक्केवारीची. सरकारी भरडाईत कच्च्या (न उकडलेल्या) तांदळाला शंभर किलो धानामागे ६७ किलो तांदूळ धरतात. मी म्हटलं, घरचं धान गिरणीवर न्या, येताना तांदूळ मोजा, टक्के काढा. एकीचे ६१ आले, एकीचे ७०, एकाने कणी धरली, एकाने नाही, एकाच्या आईने वाटेत मावशीकडे दोन पायल्या देऊन टाकल्या. शेवटी टक्केवारी राहिली बाजूला आणि कोंडा कोणाचा, गिरणीवाल्याचा की आपला, यावर तास गेला.

रोडगा_भरीत

हसू आवरेना, मावशीच्या दोन पायल्या! 😀

माझा अनुभव मुलाचा आहे. आधी हे सांगते की स्वयंपाकातलं गणित म्हटलं की सगळे लेकीचंच बोलतात. माझ्या सासूबाई पहिले सहा महिने "पोट्टं चुलीपाशी काऊन बसवलं" म्हणत होत्या. आता त्यालाच हाक मारतात.

देवाच्या नवसाची पंगत होती, वावरातच. साठ माणसं, रोडगे आणि वांग्याची भाजी. रोडग्यांचा हिशोब त्याने मस्त केला. माणशी दोन, एकशेवीस, किलोला आठ होतात, पंधरा किलो कणीक. अकरा रोडगे उरले, ते दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करून खाल्ले.

भाजीत मात्र घोळ झाला. घरी दहा माणसांना दोन किलो वांगी आणि तीन चमचे तिखट लागतं. सहापट केली की बारा किलो वांगी, अठरा चमचे तिखट. हिशोब बरोबर. पण घरी तिखट काढतो तो चहाचा चमचा, आणि पंगतीच्या भांड्यांत हाताला लागली ती पळी. त्याने मोजून अठरा पळ्या टाकायला घेतल्या. आठव्या पळीला माझ्या जावेचं लक्ष गेलं म्हणून माणसं वाचली. तरी लोक नाकडोळे पुसत जेवले आणि भाजीची तारीफ करून गेले, विदर्भ आहे म्हणून निभावलं.

आणि वेळ! घरी भाजीला पंचवीस मिनिटं लागतात, म्हणून त्याने सहापट अडीच तास धरले आणि सकाळी आठलाच चूल पेटवायला निघाला. तेव्हा बसून बोललो. कणीक सहापट, मीठ सहापट, पण वेळ सहापट होत नाही. फोडणीचं तेलही तेवढं वाढत नाही. एक माणूस एक पोळी दीड मिनिटात शेकतो, पण एका तव्यावर दोन माणसं उभी केली म्हणून पाऊण मिनिटात होत नाही. त्रैराशिक कुठे चालतं हे शाळा शिकवते. कुठे चालत नाही ते त्याला त्या अठरा पळ्यांपाशी समजलं.

सांबारवडी

एक वेगळीच अडचण. माझा भाचा इंग्रजी शाळेत. भाजीवाली "अठ्ठ्याहत्तर झाले" म्हणते, तो माझ्या तोंडाकडे बघतो. पावणेदोनशे म्हटलं तर २०० मध्ये पाव मिळवून २२५ सांगतो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जागी "वीस एक, वीस दोन" आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मी तेव्हा विरोधात होते, पण भाच्याला बघून वाटतं...

निवृत्त_मास्तर

सांबारवडीताई, त्या विषयावर इथे हजार प्रतिसाद होतील आणि भाजी राहून जाईल. वेगळा धागा काढा, मी येतो. पण पावणे, सव्वा, साडे हे भाच्याला बाजारातच शिकवा. "पावणेदोनशे म्हणजे दोनशेला अजून पाव शेकडा कमी" एवढं सांगितलं तरी पुरे. पाव शेकडा म्हणजे पंचवीस.

आणि हो, वर पावशेर आलंय म्हणून एक गंमत. जुना तोलाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजचे साधारण ९३३ ग्रॅम. पावशेर झालं २३३. आपण २५० ग्रॅमला पावशेर म्हणतो ते नावापुरतं. पाचवीच्या वर विचारायला चांगला प्रश्न आहे.

पांदणवाट

तीन आठवड्यांनी लिहितेय. तूर काढणीत सवड नव्हती.

वही केली. जुन्या डायरीची उरलेली पानं, मधोमध रेघ. डावीकडे "बाजारात", उजवीकडे "शाळेत". पहिल्या आठवड्यात मीच मागे लागले, दुसऱ्यापासून ती स्वतः लिहायला लागली कारण तिला माझ्या चुका काढायला मिळतात. मंगळवारचं पान जसंच्या तसं उतरवते:

पाव किलो मिरची + अर्धा किलो वांगी + पाऊण किलो आलू = दीड किलो. समोर १/४ + २/४ + ३/४ = ६/४. त्याच्या पुढे तिने आधी ६/१२ लिहून खोडलंय. खोडलेलं दिसतं, मी पुसू दिलं नाही. खाली बारीक अक्षरात, "सहा पाव म्हणजे दीड."

इंजिनेरबाबू, तारे वगैरे नाहीत. फक्त मंगळवारी. बाकी दिवशी नुसते पोहे.

पण आता तिने मला अडवलंय. शाळेत १/३ सुरू झालं. काल रात्री डावीकडचा रकाना रिकामा ठेवून म्हणाली, "आई, याला बाजारात काय म्हणतात?" पाव आहे, अर्धा आहे, पाऊण आहे. एक तृतीयांश किलो वांगी कोणी मागत नाही. मी सांबाराची (कोथिंबिरीची) जुडी तीन वाटण्यांत करून दाखवली, तिला पटलं नाही. म्हणे, ही तर जुडी झाली, किलोचं सांग. काट्यावर ठेवायला गेली तर ०.३३३, पुढे काय? मास्तर, तुमच्या चिपट्या-मापट्यांत तिसरा हिस्सा कुठे बसतो?

निवृत्त_मास्तर

कुठेच नाही! दुपटी-निमपटीत तीन येत नाही. तुमच्या लेकीने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. पुस्तकात ते कागदाची घडी घालून दाखवतात, पण घडीलाही तीन भाग अवघडच. मी विचार करून सांगतो.

पऱ्हाटी

काऊन विचार करता मास्तर. बटईनं वावर करनाऱ्याले विचारा ना.

आमी तिसऱ्या हिश्श्यानं करतो. तूर झाली का खळ्यावरच वाटनी होते. तीस पोते झाले तं वीस मालकाचे, दहा आमचे. खाली उरते थे घमेल्यानं मोजतो, दोन घमेले मालकाचे, येक आमचं, दोन मालकाचे, येक आमचं. ढिगारा सरेस्तोवर. पोरीले म्हना, डाव्या बाजूले "तिसरा हिस्सा" लिव.

माया पोट्टाच घमेलं भरते. कालच्या बाजारात त्याच्यासाठी वही आनली, मधात रेघ मारून देली. उजव्या बाजूले काय लिवायचं थे मले नाई येत, थे तुमी कोनी सांगा.